एका पगडीचे उमेदवार

माझे डोके मोठे आहे. बुद्धीविषयी मी बोलत नाही, तिचा हिशेब पुढे येईलच. नुसत्या घेराविषयी सांगतो आहे. मुंजीच्या वेळी न्हाव्याने अर्ध्यावर वस्तरा ठेवून प्यायला पाणी मागितले, असे आमच्या घरी अजून सांगतात. या डोक्यापायी माझी सरकारी नोकरी गेली. म्हणजे मिळण्याआधीच गेली. आता दात पडले, डोके तेवढेच राहिले, आणि पहाटे उठून धर्मशाळेच्या ओसरीवर जाऊन बसण्याचा शीण वाटू लागला आहे. म्हणून म्हटले, एकदाचे लिहून टाकावे. निदान विचारणाऱ्याला दर वेळी पहिल्यापासून सांगायला नको.

आमचे घर कल्याणास, पण इंग्रजी शिकायला म्हणून मी ठाण्यास आलो आणि ठाण्यातच मुरलो. मॅट्रिकला दोनदा बसलो. पहिल्या खेपेस गणितात गेलो. दुसऱ्या खेपेस वर्षभर नुसते गणितच केले, तेव्हा गणित सुटले आणि बाकीचे सगळे गेले. तिसऱ्यांदा बसायची माझी तयारी होती, घरच्यांची नव्हती. मग कचेरीत उमेदवार म्हणून चिकटलो.

उमेदवारी म्हणजे काय हे हल्लीच्या पोरांना समजावून सांगावे लागते. कचेरीत जायचे, जाजमाच्या अगदी कडेला, दाराशी बसायचे. कारकुनांचे मसुदे सुवाच्य उतरून द्यायचे, दौती भरायच्या, कोणाच्या पानाचा चुना संपला असेल तर तो आणायचा, आणि दिवेलागणीला घरी यायचे. पगार नाही. वरचा कोणी बदलून गेला किंवा देवाघरी गेला, की जाजमावर हातभर पुढे सरकायचे. असा सरकत सरकत मी जाजमाच्या मध्यावर पोचलो आणि तेवढ्यात वरून हुकूम आला, की परीक्षेचा दाखला नसेल त्याला कायम करू नये. मॅट्रिक नसेल तर निदान मराठीतली पब्लिक सर्व्हिसची परीक्षा तरी हवी. शिवाय पंचविशी ओलांडलेल्या माणसाला नव्याने घ्यायचे नाही, हा नियम होताच. माझी पंचविशी येत्या ज्येष्ठात संपत होती.

नुसती नोकरीच अडली असती तर मी जाजमावर आणखी काही वर्षे सुखाने सरकलो असतो. पण लग्न कधीच झाले होते आणि बायको कल्याणास माहेरी होती. सासरे तिथल्या मामलेदार कचेरीत कारकून. मुलगी मोठी झाली तरी पाठवणीचे नाव काढीनात. एकदा आमच्याकडून विचारणे झाले, तेव्हा त्यांनी निरोप धाडला, की जाजमावर सरकणाऱ्याच्या घरी मी मुलगी पाठवीत नसतो. जावई कायम झाले की त्याच दिवशी आगगाडीत बसवून देतो. म्हणजे माझा संसार ज्येष्ठाच्या आत सुरू व्हायचा होता, नाहीतर कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अशा वेळी मी रावसाहेबांच्या वर्गात गेलो. हे गृहस्थ पेन्शन घेतलेले अव्वल कारकून. रावसाहेब ही पदवी त्यांना मिळायची होती, ती मिळाली नाही, म्हणून आम्ही सर्वांनी दिली. टेंभी नाक्यापासून जरा पुढे, तळ्याच्या वाटेवर एक धर्मशाळा होती. तिच्या ओसरीवर सूर्योदयापूर्वी त्यांचा वर्ग भरे. मुलांचा नव्हे, बाप्यांचा. शाळा लहानपणीच सुटलेली आणि आता दाखल्यावाचून अडलेली माणसे. खजिन्यावरचा एक पट्टेवाला होता, आगगाडीच्या फाटकावरचा एक पहारेकरी होता, मिठागरवाल्या घरांतले दोघे होते. ते दोघे फीबद्दल मीठ आणीत आणि रावसाहेब ते वर्गात वाटून टाकीत.

मॅट्रिकपर्यंत इंग्रजी झालेला मी. या मंडळींत आपण उंटासारखे दिसू, असे मला वाटले होते. दिसलो तसाच, पण भलत्या कारणाने. रावसाहेबांनी पहिल्याच दिवशी पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणायला सांगितली. इंग्रजी शाळेत पाउणकीला कोण विचारतो? चार पाउणे तीनपर्यंत मी ताठ मानेने गेलो, दहाच्या पुढे घाम फुटला आणि 'सतरा पाउणे' म्हणून जो थांबलो तो थांबलोच. तळ्यावर कळश्या घेऊन निघालेल्या बायका उभ्या राहून पाहू लागल्या. एवढाले मिशावाले एका सुरात पाउणकी, दिडकी, अडीचकी म्हणत आहेत आणि त्यातला सर्वांत उंच, थोर डोक्याचा तेवढा गप्प आहे, ही करमणूक त्यांना रोज फुकट मिळे. पुढे पुढे तर एखादी वाटेवरूनच विचारी, "आज सतराच्या पलीकडे गेले का हो?"

वर्गात माझी जोडी जमली ती एका भटजीशी. हाही कल्याणचाच, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. भिक्षुकीला कंटाळलेला. "मेलेल्यांच्या तिथींवर किती दिवस जेवू?" असे म्हणे. खोपटला शेतांच्या कडेला आम्ही दोघांनी एक खोली घेतली होती. पाठांतर त्याचे असे, की एकदा ऐकले ते गेले नाही; पण वेदांची सवय जिभेला लागल्यामुळे तो काहीही वाचो, स्वर लागलाच. इलाख्यातल्या नद्यांची नावे तो अशी म्हणे, की वर्गातला पट्टेवाला नकळत हात जोडी.

परीक्षेची तयारी हा वर्गाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग नोकरी हुडकण्याचा, आणि त्यात रावसाहेबांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. पाढे संपले की ते विचारीत, "हं, बातमी?" मग ज्याने त्याने सांगायचे, कोणत्या कचेरीत कोण रजेवर गेला, कोणाचा मुलगा त्याला नाशकास बोलावतो आहे, कोणाला चष्म्यावाचून दिसत नाही. वर्गातल्या ज्याला नोकरी लागे त्याने पुढे आतली बातमी मागच्यांना पुरवायची, असा दंडक होता. दुसरा दंडक पगडीचा. साहेबापुढे उभे राहायचे तर डोक्यावर नीट बांधलेली पगडी हवी. पट्टेवाला, मिठागरवाले यांची आपापली पागोटी होती. आम्ही पगडीवाले चौघे, आणि चौघांत धड पगडी एकही नव्हती. म्हणून रावसाहेबांनी आपली नोकरीतली लाल पगडी वर्गाला देऊन टाकली होती. ज्याला बोलावणे येई तो ती घालून जाई आणि परत आणून खुंटीला लावी. डोके लहान असेल त्याच्यासाठी आत बसवायची कापडाची एक चुंबळ होती. मोठ्या डोक्यासाठी काही उपाय नव्हता. माझ्या डोक्यावर ती पगडी हंड्यावर वाटी झाकावी तशी बसे.

एकदा कोणीतरी बातमी आणली, की कल्याणच्या मामलेदार कचेरीतल्या एका कारकुनाला दम्याने फार धरले आहे. रावसाहेबांनी कारकून कोण म्हणून चौकशी केली. ते माझे सासरे निघाले. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मग रावसाहेब मला म्हणाले, की तू जावई आहेस, समाचाराला जाणे तुझे कर्तव्यच आहे. फक्त येताना जरा नीट पाहून ये.

गेलो. सासूबाईंना कोण आनंद. एवढ्या कामातून जावई समाचाराला आले म्हणून त्यांनी पुरणपोळी केली. मी सासऱ्यांच्या उशाशी बसलो आणि पाहून ये म्हणून सांगितले होते तसे पाहत राहिलो. श्वास किती जोराचा आहे, चेहरा किती उतरला आहे, सगळे. आतल्या दाराआड बांगड्या वाजत होत्या, तिकडे पाहायचे मात्र धाडस झाले नाही. आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पुन्हा पुरणपोळी. तिसऱ्या खेपेस सासऱ्यांनी डोळे मिटलेले तसेच ठेवून विचारले,

"जावईबुवा, तुमची वर्गातली मंडळी काय म्हणतात माझ्या दम्याविषयी?"

माझ्या तोंडातून निघून गेले, "सर्वांना फार काळजी आहे."

"कोणत्या बाजूची?"

मी पोळीकडे पाहत बसलो. सासरे उठून बसले आणि हसायला लागले. हसता हसता ढास लागली आणि सासूबाई धावत आल्या. दम बसल्यावर ते म्हणाले, की मी एवढ्यात मरणार नाही, पण जिने चढवत नाहीत, तेव्हा वैशाखात पेन्शन घेतो. माझ्या जागेला तुमचा अर्ज येऊ द्या. जागा लागली की माझी बैठकही तुमची आणि मुलगीही.

अशी गोष्ट इतकी सोपी झाल्यावर मला संशय यायला हवा होता. आला नाही. परीक्षा झाली. भटजी वरच्या नंबरात आला. मी पास झालो, एवढेच सांगतो. सतरा पाउणे किती, हे कोणी विचारले नाही. दोघांचेही अर्ज गेले, कारण जागा एक असली तरी अर्ज सर्वांनी करायचा हीही वर्गाची रीत. आणि साहेबाने दोघांनाही एकाच दिवशी बोलावले.

पगडी एक होती. रावसाहेबांनी तोड काढली, की वयाने मोठा म्हणून मी आधी जावे, बाहेर येऊन पगडी भटजीला द्यावी, त्याने आत जावे. पुढचे दिवस त्यांनी माझी तालीम घेतली. "मान वाकवायची नाही. कमरेतून वाक. मान वाकली की पगडी गेली." मी ओसरीवर फेऱ्या मारी आणि खांबांना कमरेतून मुजरे करी. शिवाय त्यांनी बजावले होते, की साहेब काहीही विचारो, उत्तराचा आरंभ 'सरकारच्या कृपेने' असा करायचा.

यात रावसाहेबांची एक गोष्ट राहून गेली. वर्गातले आजवरचे सगळे उमेदवार थंडीच्या दिवसांत साहेबापुढे गेले होते. आमचे बोलावणे भर वैशाखातले.

साहेब तरुण होता, उन्हाने भाजून निघालेला आणि दमलेला. त्यालाही मराठीच्या परीक्षेला बसायचे होते म्हणे; टेबलावर त्याची मराठीची पुस्तके पडली होती. टेबलाच्या वर आडवा कापडी पंखा टांगलेला, त्याला खाली झालर, आणि बाहेर बसलेला म्हातारा पंखेवाला त्याची दोरी ओढत होता. मी आत गेलो, टेबलाशी आलो, मान ताठ ठेवून कमरेतून वाकलो. इथवर सारे शिकवल्यासारखे झाले. मग मी सरळ उभा राहिलो. माझी उंची मी सांगितलीच आहे. पंखा माझ्याकडे आला, झालरीने पगडी अलगद उचलली आणि पंखा परत गेला. पगडी टेबलावर पडली, एक गिरकी घेतली आणि साहेबाच्या दौतीवर जाऊन बसली.

साहेबाने तिच्याकडे पाहिले, माझ्या डोक्याकडे पाहिले आणि पुस्तकी मराठीत, एकेक शब्द जुळवीत म्हणाला, "तुमचे शिरोभूषण माझ्या दौतीवर विराजमान झाले आहे."

मी म्हणालो, "सरकारच्या कृपेने."

पुढचे मला नीट आठवत नाही. काही विचारले असेल, मी काही सांगितलेही असेल. बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात पगडी होती, तिची एक बाजू काळी झाली होती, आणि भटजी समोर उभा होता. बोडक्याने आत जाता येत नव्हते. त्याने पगडी घेतली आणि चुंबळ मागितली. चुंबळ मी माझ्या डोक्यासाठी काढून ठेवली होती, खोपटला, खोलीत, कोनाड्यात.

"अरे, मग मी घालू कशी?"

"कमरेतून वाक," मी म्हणालो. दुसरे काही मला येत नव्हते.

तो गेला. पगडी त्याच्या कानांवरून थेट भुवयांवर आली होती. दाराला वाळ्याचा पडदा होता, त्यातून सगळे ऐकू येत होते. मग साहेबाने विचारले, "हीच का ती?"

"हीच, साहेब," भटजी म्हणाला. "आम्हा सगळ्यांत एकच आहे. त्याच्या डोक्यावर बसत नाही आणि माझ्या डोळ्यांवरून हलत नाही."

साहेब हसला असावा, कारण पंखेवाल्याने दोरी ओढायची थांबवून आत कान दिला. मग साहेबाने धर्मशाळेचे सगळे विचारून घेतले आणि एक कागद वाचायला दिला. कुठल्याशा गावच्या फुटलेल्या बांधाचा अहवाल होता. भटजीने तो वाचला, आणि सवयीप्रमाणे स्वर लागला. खाडीचे पाणी कसे शिरले, शेत कसे खारवले, हे सारे तो मंत्रपुष्पांजलीसारखे म्हणत गेला. व्हरांड्यातले पट्टेवाले उठून उभे राहिले. मला तेव्हाच समजले. समजले आणि खाली बसलो.

खोपटपर्यंत आम्ही उन्हातून चालत गेलो. भटजीच्या नाकावर शाईचा ओघळ वाळला होता, तो पुसायचे त्याला सुचले नाही आणि सांगायचे माझ्या मनात आले नाही. बरेच अंतर गेल्यावर तो म्हणाला,

"तुझं वय संपतंय रे. माझी अजून दोन वर्षं आहेत. मी नको म्हणून लिहून देतो."

मी म्हणालो, "असू दे." खरे तर मला म्हणायचे होते, आत्ताच्या आत्ता मागे फीर आणि लिहून दे. पण दिलदारपणा तोंडातून गेला तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याने रावसाहेबांपुढे पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा ते खेकसले, की सरकारी जागा म्हणजे काय भाऊबीजेची ओवाळणी आहे, याच्या ताटातून त्याच्या ताटात घालायला? तू नाही म्हणालास तर तिसराच बसेल. मुकाट्याने जा आणि आतली बातमी पाठवीत जा.

भटजी कल्याणास जाऊन माझ्या सासऱ्यांच्या बैठकीवर बसला. मी सासरी तोंड दाखवायला गेलो तेव्हा पगडीची हकीकत माझ्या आधी पोचली होती. सासरे मला पाहताच हसू लागले, ढास लागली, आणि सासूबाईंनी त्यांची पाठ चोळता चोळता माझ्याकडे जे पाहिले, त्यावरून आज पोळी नाही हे मी ओळखले. मुलीचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही. ज्येष्ठ आला आणि माझी पंचविशी गाडीतून उतरलेल्या उतारूसारखी निघून गेली.

त्या पावसाळ्यात मी कचेरीत जायचा थांबलो. काही केले नाही. खोलीत पडून बेडकांचे ऐकत असे. रावसाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता; एक दिवस ते काठी टेकीत, चिखल तुडवीत खोपटला आले आणि म्हणाले, "तुला आता नोकरी लागत नाही, हे नक्की झाले. म्हणजे तू कुठे जायचा नाहीस. मला असाच माणूस हवा होता. उद्यापासून वर्ग तुझा."

अशी माझी नेमणूक झाली. अर्ज नाही, पगडी नाही. फी म्हणून तांदूळ, वाल, मीठ यायचे; मीठ सर्वांत जास्त. मी शिकवू लागलो, मोडी, हिशेब, भूगोल, साहेबापुढे कसे वाकावे आणि कोणत्या ऋतूत. पाउणकीची पाळी आली की मात्र मी सतरावर थबके. बाप्ये समजुतीने खाली पाहत.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी पाउणकी चालू होती. 'सतरा पाउणे' म्हटले आणि थांबलो. खांबाआडून आवाज आला, "पावणेतेरा."

सासरे होते. हातात बोचके, अंगावर शाल. पेन्शनीत त्यांचे काही केल्या मन रमेना. रोज उठून कचेरीत जात आणि स्वतःच्याच जुन्या बैठकीपाशी बसत. शेवटी बिचाऱ्या भटजीने हळूच सांगितले, की साहेबांची फिरती आहे, बरे दिसत नाही. तिकडे सासूबाई घरातल्या घरात त्यांना कंटाळल्या. मला त्यांनी एवढेच सांगितले, की ठाण्याची हवा दम्याला मानवते. मग जाजमावर बसले आणि सबंध वर्गाकडून पाउणकी पहिल्यापासून म्हणवून घेतली. माझ्याकडूनही.

ते परत गेलेच नाहीत. त्यांना पथ्याचे खायला लागे, ते माझ्या हातचे चालेना. सासूबाईंना लेकीसुनांचे घर सोडवेना. तेव्हा मुलीला बोलावून घेतले. अशी माझ्या बायकोची पाठवणी झाली. वाजंत्री नाही, ओटी नाही, हातात बापाच्या काढ्याची बरणी. घरात आल्यावर तिची पहिली नजर, वर्गाबरोबर माझ्याकडे आलेल्या, खुंटीवरच्या पगडीकडे गेली. काळी बाजू तिने जवळ जाऊन पाहिली, मग माझ्याकडे पाहिले.

"मला वाटलं, बाबा वाढवून सांगतात," ती म्हणाली. "पण डोकं खरंच मोठं आहे."

सासरे पुढे बरीच वर्षे वर्गात येत. मी शिकवायचे आणि त्यांनी खांबाला टेकून माझ्या चुका काढायच्या. चारचौघांत चुका निघण्याचा मला वीट यायचा, घरी येऊन मी बायकोजवळ कुरकुरायचो आणि ती म्हणायची, जाजमावर आहात ना अजून, मग? भटजी अव्वल कारकून होऊन निवृत्त झाला. बातमी मात्र अखेरपर्यंत नेमाने पाठवीत होता. ती पगडी कसरीने खाल्ली. हल्लीचे उमेदवार टोप्या घालून जातात आणि पंख्याला भीत नाहीत.

सासरे गेले त्यालाही आता दिवस झाले. मी अजून पहाटे ओसरीवर जातो. बाप्ये जमतात, जांभया देतात, पाउणकी सुरू होते. सतरा पाउणे म्हणून मी थांबतो. आता ती येत नाही असे नाही. पण थांबायची सवय जडली आहे. खांबाकडे पाहतो. माणसांना कामावर जायचे असते. मग त्यांतला कोणीतरी कंटाळून म्हणतो, "पावणेतेरा, मास्तर," आणि आम्ही अठरावर जातो.